टाळ्यांचं वाक्य

गावच्या नाटकात नाथू नऊवारी नेसून आईचं काम करायचा. लढाईला निघालेल्या लेकाला आई सांगायची, “जा बाळा, मागं वळून बघू नकोस!” अन् टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. पुढं गावातलं कुणीही परमुलखात निघालं की पोलादपूर स्टँडवर नाथूनं खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेऊन तेच वाक्य म्हणायचं, असा रिवाजच पडला. आज त्याची लेक पूनम मिलिटरीत निघाली होती. सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. पूनम एसटीत चढली तशी माणसं ओरडली, “नाथूदा, होऊन जाऊ दे!” नाथूनं टॉवेल डोक्यावर घेतला, पण तोंडातून शब्द फुटेना. गडी विसरला असं वाटून अख्ख्या गावानंच वाक्य एकमुखानं म्हटलं. पूनमनं मान ताठ केली. गाडी हलली तसा नाथू टॉवेल टाकून धावला, “पूनम, एकदा मागं बघ गो!” नव्या वाक्यावर टाळ्या पडल्या.