शेवटचा प्राणी

“आपल्या संस्थेची सटाण्याची शाळाही काही वाईट नाही, बाई,” मुख्याध्यापक देवरे सर चष्मा पुसत म्हणाले. “पालकांच्या तक्रारी आल्यात. तुम्ही मुलांवर फार खेकसता. तुमच्या बदलीचं घाटतंय.”

“सर, सहावी ब आहे ती! रानटी कळप नुसता,” उज्वलाबाई उसळल्या. “दिवाळीपर्यंत थांबा. नाही माणसाळवलं त्यांना, तर मी स्वतः सटाण्याची एसटी पकडते.”

बोलून तर बसल्या. पण नाशिक सोडणं त्यांना जमणारच नव्हतं. सगळं आयुष्य पंचवटीत गेलेलं.

इतिहासात धडा आला होता रानटी प्राणी पाळीव झाले त्याचा. बाईंनी खडू खाली ठेवला आणि वर्गाचा ब्लॉगच सुरू केला. प्रत्येकाने एक प्राणी घ्यायचा, तो माणसाच्या दारात कसा आला ते शोधून लिहायचं, आणि खाली बाकीच्यांनी शंका विचारायच्या.

सुरुवातीला कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग रुद्रने लिहिलं, लांडग्याला कुणी पकडून आणलं नव्हतं, हाडांच्या वासाने तोच आपल्या पायांनी जवळ आला. सोबत मिसळीच्या दुकानापुढच्या कुत्र्याचा फोटो. त्यावर सुहानाने भांडण काढलं, “मग कोंबडीपण स्वतःहून आली का? पुरावा दे!” झालं, वर्गात जुंपली. कधी नव्हे ती पोरं वाचनालयात घुसली. शेळी, गाढव, मधमाशी... हां हां म्हणता ब्लॉग भरला.

बाई खूश. त्या वर्गात आल्या की पोरं आता चिडीचूप बसत, मधल्या सुट्टीत डबाही पुढे सरकवत. स्टाफरूममध्ये बाई सांगत सुटल्या, “थोडा धीर धरावा लागतो हो. भले भले माणसाळतात!” त्यांना अभिमान वाटत होता, आणि तो लपवायची तसदी त्या घेत नव्हत्या.

दिवाळीच्या तोंडावर सभागृहात ब्लॉगचा कार्यक्रम ठरला. संस्थेचे अध्यक्ष खास आले. बदलीचा निर्णय त्यांच्याच हातात होता. शेजारी बसलेल्या बाई पुन्हा पुन्हा पदर नीट करत होत्या.

सुहाना माइकपाशी आली.

“हा आमचा शेवटचा प्राणी. सगळ्या वर्गाने मिळून लिहिलाय. हा आधी फार बुजलेला होता. बुजलेला प्राणी अंगावर धावून येतो, म्हणून आम्ही पळालो नाही. आवाज कमी केला. खाणं पुढे ठेवलं आणि वाट बघितली. मग तो आपणहून जवळ येऊन बसायला लागला. आता आम्ही दिसलो नाही, तर तोच आम्हाला शोधत येतो. कळपात रुळलेल्या अशा प्राण्याला तोडून दुसरीकडे नेलं, तर त्याचे फार हाल होतात. कळपाचेपण होतात.”

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. बाईंचा ऊर भरून आला. काय लिहिलंय पोरांनी! जिंकलो आपण!

अध्यक्ष त्यांच्याकडे झुकले. “मांजर असणार. काय, बाई?”

“मांजरच,” बाई ठामपणे म्हणाल्या.

रुद्रने कळ दाबली, आणि पडद्यावर सहावी ‘ब’च्या घोळक्यात, शेवटच्या बाकावर, पोरांच्या डब्यातला घास हातात धरून खदखदा हसणाऱ्या उज्वलाबाई झळकल्या.