वर्खाचं छत

"अगं, बाथरूममध्ये छताकडे बघतंय कोण? साधा पांढराच बरा," असं तात्या आठवडाभर कानीकपाळी ओरडत होते. पण त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. रंगारी आला. त्या टीचभर बाथरूमच्या छताला त्याने चंदेरी वर्खाची पानं एकेक करून चिकटवली आणि मऊ फडक्याने अशी काही चमकवली, की स्वतःच खूश होऊन म्हणाला, "काकू, आता वर बघून भांग पाडा!"

काकू कौतुकाने आत गेल्या, मान वर केली आणि तशाच थबकल्या. छतात त्या दिसत होत्या, मागे घाम पुसणारे तात्या दिसत होते आणि गिझरचा आजवर कुणी न पाहिलेला माथाही दिसत होता. त्यावर चॉकलेटचा उघडा डबा होता, अर्धा रिकामा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तात्यांच्या ते थेट डोक्यावरच पडलं होतं.

"तरीच! सहा महिने गोड बंद, तरी तुमची साखर खाली का येत नाही ते आत्ता कळलं!" काकू कडाडल्या. "दादा, वर्ख उरलाय ना? बैठकीची खोली, झोपायची खोली, सगळीकडे लावून टाका."

तात्यांनी खालमानेनेच भर घातली, "आणि स्वयंपाकघरात पण."

काकूंचा आवाज एकदम खाली आला. "छे हो! स्वयंपाकघरात छताकडे बघतंय कोण? तिथे साधा पांढराच बरा."