बाबांची घंटा

"बाबा गेले," थोरली म्हणाली.

चर्चच्या दारात धाकटा भाऊ फुलांच्या कुंड्या सरळ करत होता. त्याने हातातली कुंडी खाली ठेवली. मग बोटभर डावीकडे सरकवली.

"केव्हा?"

"आत्ताच. डोळे मिटवले, तोंड पुसलं आणि आले. शेजारच्या काकू बसल्यात जवळ."

धाकट्याचे डोळे भरले, नाही असं नाही. पण त्याच भरल्या डोळ्यांनी त्याने फाटकाकडेही पाहून घेतलं. पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. छप्पर गळून पारव्यांच्या मालकीचं झालेलं गावचं जुनं चर्च आज सभागृह म्हणून उघडणार होतं, आणि व्यवस्थापकाचा बिल्ला याच्याच छातीवर होता.

"घंटा वाजवायला हवी," थोरली म्हणाली. "दिवे लागायच्या आत."

हे त्याला सांगावं लागायला नको होतं. गावात कुणी गेलं की त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत, मनोऱ्यातली घंटा संथ वाजायची. ऐकणारा हातातलं काम खाली ठेवून उभा राहायचा, मग गेलेला वैरी का असेना. जन्मभर ही घंटा बाबांनी वाजवली. शिकवली मात्र थोरलीला, कारण धाकटा पारव्यांना घाबरायचा.

"आज नको, ताई."

"काय म्हणालास?"

"अगं, हळू बोल. लोक गाणं ऐकायला आलेत. पहिल्याच दिवशी मयताची घंटा बरी दिसते का? उद्या सकाळी वाजवू की, सगळ्यांना बोलावून, साग्रसंगीत. बाबा काय पळून जाणार आहेत?"

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा कुंडीकडे वळला.

"सगळे म्हातारे या सभागृहाला नको म्हणत होते," ती म्हणाली. "एकट्या बाबांनी तुझ्यासाठी हात वर केला. ओस पडण्यापेक्षा गाणी झालेली बरी म्हणाले. बदल्यात काय मागितलं? फक्त घंटा राहू दे. तू हो म्हणालास. माझ्यासमोर."

"मग राहिलीय की! पॉलिश करून घेतलीय. बघ वर."

"आणि लोलक?"

लोलक तिथेच दाराबाहेर, काचेच्या कपाटात होता. घंटेच्या पोटात झुलून तिला बोलतं करणारा तो लोखंडी दांडा तेल चोपडून मखमलीवर निजवला होता. वरून दिवा सोडला होता. खाली पाटी होती: कृपया हात लावू नये.

"ऐतिहासिक वस्तू आहे ती," धाकटा म्हणाला. "वर ठेवली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्याने वाजवली असती. आता कार्यक्रमाची घंटा बटणावर आहे." तो जरा थांबला. त्याला काहीतरी सुचलं होतं. "हवं तर तीच लावतो स्पीकरवर. हळू आवाजात. चालेल?"

"किल्ली दे."

"ताई, लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा तू मांडलायस. मी किल्ली मागतेय."

आतून कुणीतरी हाक मारली, "साहेब, चला, सगळे खोळंबलेत." धाकट्याने बाहीने डोळे पुसले आणि बिल्ला सरळ केला.

"तू घरी जा. मी येतोच मध्यंतरात."

दार लागलं.

मध्यंतरात! बापाच्या मयताला मध्यंतरात! थोरली तोंडातल्या तोंडात हा शब्द चावत राहिली. आत पाहुण्यांच्या स्वागताच्या टाळ्या सुरू झाल्या. धाकट्याने सरळ केलेली कुंडी तिने उचलली आणि कपाटाच्या काचेवर घातली. टाळ्यांत ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

लोलक जड होता. तिने तो शालीत गुंडाळून पोरासारखा कडेवर घेतला आणि मनोऱ्याचा जिना चढली. वर जाळी लावून पारवे हाकलून दिले होते. आता धाकट्याला यायला काहीच हरकत नव्हती.

लोलक टांगत बसायला वेळ नव्हता, बाहेर ऊन कलून गेलं होतं. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि घंटेवर मारला.

मग थांबली. आधीचा नाद पुरता विरल्याशिवाय पुढचा ठोका द्यायचा नाही, असं बाबांनी शिकवलं होतं. समोरच्याला बोलून संपवू द्यावं ना, तसं.

दुसरा ठोका. थांबली. तिसरा.

खिडकीतून रस्ता दिसत होता. पाववाल्याने पावाचा ट्रे जमिनीवर ठेवला आणि उभा राहिला. नळावरच्या बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. बांधावरून भांडण झाल्यापासून बाबांचं तोंड न पाहिलेला सुतार दुकानाबाहेर आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून हातात धरून राहिला.

थोरलीला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. तिने चौथा ठोका दिला.

आणि पायांखालून टाळ्या आल्या. भरल्या सभागृहाच्या, कडकडून. पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रमाची सुरुवात अशीच योजली आहे.

टाळ्या ओसरल्यावर स्पीकरमधून धाकट्याचा आवाज आला. "मायबाप रसिकहो..."

पुढे काहीच नाही. नुसता माईकमधला श्वास.

"वन्स मोअर!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

चौथा ठोका अजून विरला नव्हता. तरी थोरलीने लोलक डोक्यावर उचलला.