सायकलचं लिंबू

"अगरबत्ती नाही लावायची म्हणजे नाही!" पुष्पलताबाईंनी सुनेच्या हातातला पुडाच काढून घेतला. "धूप नको, कापूर नको. डॉक्टरनं किती वेळा बजावलं? वर तुझ्या सासऱ्यांच्या छातीत धूर गेला तर मी कोणाले बोलू?"

नूपुरनं मान डोलावली आणि बॅटरीवरची पणती आणली. दसऱ्याची सकाळ, पण ऊन आत्ताच चटके देत होतं. नंदनवन वस्तीतल्या त्या घराचा पोर्च असा गच्च भरला होता, की ओवाळायला उभं राहायचं तर पोट आत ओढावं लागे. मुलाची, म्हणजे पुष्करची, जुनी डिझेलची गाडी, त्याचीच मोटरसायकल, नात मुग्धाची स्कूटी आणि मधोमध नूपुरची कोरी करकरीत कार. सगळ्यांना झेंडूच्या माळा.

पुष्कर वाकून एकेका चाकापुढे लिंबू ठेवत होता. "आई, दोन उरली. यंदा तू जास्तच आणली."

"राहू दे," म्हणत त्यांनी ती दोन्ही पदरात बांधली.

जास्त कसली? ती सायकलची होती. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला या घरात दोनच लिंबं लागली होती. पुढे मोपेड आली, स्कूटर आली, लिंबं वाढत गेली. पण मान सायकलचाच पहिला. आणि गंमत अशी, की सायकलच्या चाकाखाली लिंबू कधी फुटायचंच नाही. चाक त्याला नुसतं मातीत लोळवायचं. यजमान मधुकरराव ते उचलायचे, धुवायचे आणि सरबत करायला लावायचे. गाड्यांची लिंबं रस्त्यावर, सायकलचं लिंबू पोटात, असा त्यांचा कायदा होता.

ती सायकल यंदा आखाडात भंगारवाल्याकडे गेली. नवी कार आत मावेना, दुसरं काय! पुष्करनं विचारलं आणि पुष्पलताबाईच हो म्हणून बसल्या. मधुकररावांना कोणी सांगितलं नाही. उन्हाळ्यापासून ते जिना उतरले नव्हते, त्यांना कळणार तरी कुठून?

त्या वर आल्या. त्यांची खोली बरोबर पोर्चच्या डोक्यावर. उशाशी ऑक्सिजनची मशीन घुरघुरत होती, मधुकररावांच्या नाकात नळी होती. जन्मात विडीला हात न लावलेला माणूस! घरात स्कूटर आली तरी सारी नोकरी सायकलवर काढली, सक्करदऱ्याच्या चौकात ट्रकच्या आणि बसच्या मागे एक पाय टेकून उभं राहून. डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून विचारलं होतं, रोज किती सिगरेटी ओढत होते? पुष्पलताबाईंना असा संताप आला होता, आणि तो कोणावर काढावा तेच कळेना.

"सायकल पुसली?" मधुकररावांनी विचारलं.

"पुसली. माळही घातली."

"मग होऊ दे म्हणा."

सगळ्या गाड्या एकदम सुरू करायच्या, चाकाखाली लिंबं फोडायची आणि शेवटी सायकलची घंटी वाजवायची, ही पद्धत त्यांनीच पाडलेली. स्कूटर घेतली त्या वर्षीपासून. आपलं घर पुढे चाललं, हे साऱ्या गल्लीले ऐकू गेलं पाहिजे, असं म्हणायचे.

खाली अंबामातेचा जयजयकार झाला आणि सगळी इंजिनं एकदम धडधडली. पुष्करनं हौसेनं डिझेलच्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. खिडकी उघडी होती. काळा धूर पडद्याखालून सरळ आत आला. आणि पुष्पलताबाईंच्या हातात अजून तो अगरबत्तीचा पुडा होता.

मधुकररावांना ठसका लागला तो थांबेचना. मान ताठ झाली, ओठ निळे पडले. "बंद करा रे! अरे, बंद करा!" पुष्पलताबाई खिडकीतून ओरडल्या. त्या आवाजात कोणाला काय ऐकू येतंय! नूपुरनं वर पाहून हसून हात हलवला. शेवटी त्यांनी खिडकी दाणकन लावली आणि नवऱ्याची पाठ चोळत बसल्या. देवा, आज नको रे, एवढंच त्यांच्या तोंडून येत होतं.

बऱ्याच वेळानं खोकला ओसरला. खाली गाड्याही बंद झाल्या. मधुकरराव छताकडे बघत पडून होते.

"घंटी नाही वं ऐकू आली," ते म्हणाले.

"वाजवली ना मुग्धानं. एवढ्या आवाजात कशी ऐकू येईल?"

"आता तर सारं शांत आहे."

पुष्पलताबाईंनी पदराची गाठ सोडली आणि एक लिंबू त्यांच्या हातात ठेवलं. "हे घ्या. तुमच्या सायकलचं. याही वर्षी नाही फुटलं. सरबत करून आणू?"

मधुकररावांनी लिंबू इकडून तिकडून फिरवून पाहिलं. पिवळं, चकचकीत, बाजारातून आणलं तसं. मातीचा एक कण नाही. त्यांनी ते नाकाशी नेलं, पण तिथे नळी होती.

"पुष्करले काही म्हणू नको," ते म्हणाले. "धुराचंही नाही अन् सायकलचंही नाही. सणाचा दिवस आहे."

पुष्पलताबाईंना रडू आवरलं नाही. त्यांनी पदर तोंडाशी धरला. खालून पुष्करची हाक आली, "बाबा, ऐकलं ना? नवी गाडी एका झटक्यात सुरू झाली!"

मधुकररावांनी डोळे मिटले. लिंबू मुठीतच होतं. त्याच्यावर त्यांचा अंगठा दोनदा हलला, घंटी वाजवताना हलायचा तसा.