निरोप

दिवस मावळला, गडाचे दरवाजे बंद झाले आणि रक्तपिशाच्च थेट आमच्याच दाराशी येऊन उभं राहिलं. घरातल्या कुणी तोंडाने बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही, हे आख्ख्या लोहारआळीला ठाऊक होतं. सासूबाईंनी बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि दम भरला, "तू तोंड उघडायचं नाहीस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच्याशी मी बोलते."

त्याने आधी बंद दाराआडून सगळ्यांची खुशाली विचारली. मग थंडीचं गाऱ्हाणं सांगितलं. मग गडावर तलवारी घडवायला गेलेल्या माझ्या नवऱ्याचा हुबेहूब आवाज काढला, "अगं, मीच आहे! बोलाव की आत." मी अर्धी उठलेच होते. सासूबाईंनी डोळे वटारले, तशी मटकन खाली बसले. बाळ छातीशी इतकं घट्ट धरलं की ते कळवळलं.

सासूबाई मात्र बधल्या नाहीत. "आज जरा गैरसोय आहे हो," "घरात पुरुषमाणूस नाही," "बाळाला बरं नाही," असं करत त्यांनी त्याला पार थकवलं.

शेवटी बाहेरची पावलं मागे वळली. ते हिरमुसल्या आवाजात म्हणालं, "बरं आजी, येतो मग."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. सुटकेचा श्वास टाकत, जन्मभराच्या सवयीने त्या म्हणाल्या,



"हो, या हं!"