शिवणीचं शेपूट

“अगं, कापडाबाहेर दोऱ्याची साखळी आली ना? मग काप ते शेपूट आणि घे पुढचा!” टेलरमास्तर ओरडले.

त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तोंड मात्र ठणठणीत. कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर आज पहिल्यांदाच त्यांची बायको बसली होती. समोरच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलची फायनल सुरू व्हायला आली होती आणि लेकीच्या संघाचे टी-शर्ट अजून मशीनवरच! दुकानावर ही मोठी पाटी: ‘आमची शिवण उसवत नाही.’ म्हणजे आज सगळ्या वस्तीसमोर पाटीची परीक्षा.

बायको ऐकेल तर शपथ. सुरुवातीला दोन टाके घालायची, मशीनचा पाय उचलायची, मागे लोंबणारी दोऱ्याची साखळी पुढे ओढून घ्यायची आणि तिच्यावरूनच शिवण मारायची. शेवटी तर कापड उलटं करून पुन्हा थोडं मागे शिवायची. शेपूट शिवणीच्या पोटात गडप!

“एवढा घोळ कशाला? मी जन्मभर नुसतं कापतोय. उसवलं कधी?”

ती गालातल्या गालात हसली. दुकानात तिचं काम धागे कापून घड्या घालायचं. तरी कॉलरला कायम एक जाड सुई टोचलेली. धागे कापायला सुई कशाला लागते, म्हणून मास्तर नेहमी तिची फिरकी घेत.

लेकीचा टी-शर्ट तेवढा राहिला आणि मैदानावर शिट्टी वाजली. मास्तरांना राहवेना. “सर बाजूला!” डाव्या हातानं त्यांनी तो खटाखट शिवला, शेपटं छाटली आणि लेकीच्या हातात कोंबला.

“अहो, थांबा, मला एकदा बघू तरी द्या,” बायको म्हणाली. पण लेक केव्हाच पसार झाली होती.

काय सामना रंगला! समोरच्या मुली टी-शर्ट धरधरून ओढत होत्या. एकही टाका हलेना. “ओढा, ओढा! आमची शिवण आहे ती!” मास्तर बाकावर चढून नाचत होते. बरोबरीत शेवटची मिनिटं उरली. लेक चेंडू घेऊन सुसाट निघाली. गोल समोर! तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा टी-शर्ट खेचला आणि बाजूची शिवण खालपासून बगलेपर्यंत सरसर उसवली.

पंचांनी फाऊलची शिट्टी दिली, पण उसवलेल्या टी-शर्टमुळे तिला बाहेर काढलं. “मास्तर, पाटी उतरवा!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

बायको धावत पोचली. कॉलरची सुई निघाली. लेकीच्या अंगावरच तिनं भराभर शिवण घातली आणि टोकाशी उरलेलं शेपूट सुईनं टाक्यांच्या आत सरकवलं. नजर तिकडे नव्हतीच, ती होती घड्याळावर. बोटं आपली आपण चालली होती. “पळ!”

लेक मैदानात पळाली, चेंडू मिळाला आणि गोल! मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मास्तर मात्र नाचायचं विसरून बायकोच्या बोटांकडे बघत राहिले. असा हात एका दिवसात बसत नाही, हे शिंप्याला कुणी सांगायला लागत नाही.

“अगं,” त्यांनी हळूच विचारलं, “हे शेपूट ओवायचं तू कधीपासून करतेस?”

तिनं सुई पुन्हा कॉलरला टोचली.

“तुम्ही पाटी लावलीत ना, तेव्हापासून.”