लांबलेला मोसम

"जा क्लीट, चेंडू तू टाक," ऑगी ब्रँट म्हणाला. पण क्लीटकडे बघून नाही. डगआऊटमध्ये थुंकलेल्या सूर्यफुलाच्या टरफलांकडे बघून.

क्लीट मेबरीने टोपी सरळ केली. "मी? आत्ता?"

"नाही, तुझ्या सासऱ्याला पाठवतो. जा म्हटलं ना!"

बाकावरची पोरं हसली. क्लीटही हसला आणि उन्हात निघाला. त्रेचाळिसावं लागलं होतं त्याला. दिवसभर नांगर धरून घरी परतणाऱ्या माणसासारखं त्याचं चालणं झालं होतं. सामन्यातला शेवटचा गडी बाद करायचा होता आणि आघाडी होती फक्त एका धावेची. तिन्ही कोपऱ्यांवर पलीकडच्या संघाचे गडी धावायला टपले होते. आणि समोर उभा होता बक स्टॅनिक, अख्ख्या बेसबॉल लीगमधला सगळ्यात दांडगा फलंदाज. अशा वेळी शहाणा मॅनेजर थकलेल्या पिचरला चेंडू टाकायला पाठवत नाही. ऑगी चांगला शहाणा होता. त्याने मुद्दाम पाठवलं होतं.

सकाळीच संघाचा मालक डॉयल प्रुइट म्हणाला होता, "या आठवड्यात नवा पोरगा येतोय. मेबरीची जागा मोकळी कर. तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो," ऑगी म्हणाला होता. नंतर त्याने आणि क्लीटने एकाच टेबलावर बसून अंडी आणि बेकन खाल्लं, तरी शब्द तोंडातून फुटला नव्हता. मग त्याला ही वाट सुचली. बक क्लीटला चारचौघांत झोडपेल, क्लीट आपण होऊन समजून घेईल, आपल्याला काही बोलावंच लागणार नाही. मित्राचा गळा दुसऱ्याच्या हाताने कापायचा, एवढाच बेत.

त्यातून क्लीटची ती कोडी. ऑगीची बायको एडना गेली त्या उन्हाळ्यापासून क्लीट संघाच्या बसमध्ये त्याच्याच शेजारी येऊन बसायचा आणि कॅन्ससचा सपाट रस्ता लागला की सुरू व्हायचा.

"सांग, मोठ्या लीगमध्ये सत्तावीस मोसम चेंडू कोणी टाकला?"

"नोलन रायन. पुढे."

"एकोणपन्नासाव्या वर्षी सामना कोणी जिंकला?"

"जेमी मॉयर. जरा डोळा लागू दे की रे बाबा!"

"बरं, साठीला टेकलेला असताना झुलत्या खुर्चीतून उठून तीन डाव कोणी टाकले?"

"सॅचेल पेज! हे तर शेंबडं पोरही सांगेल. आणि साठीला कुठला? त्याचं खरं वय त्याच्या आईला तरी ठाऊक होतं का?"

मग वाद व्हायचा, शिव्या व्हायच्या, पुढचं गाव यायचं. कोडी सगळी अशीच, म्हातारपणापर्यंत टिकून राहिलेल्यांची. ऑगीला त्यातली मेख कळायची. गडी आडून आडून विनवतोय, मला अजून ठेव. म्हणून दर हिवाळ्यात ऑगी स्वतःहून क्लीटच्या घरी आर्कान्सॉला फोन लावायचा, "तुझी जागा राखून ठेवलीय हं," म्हणायचा आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागायची.

पहिलाच चेंडू बकने असा टोलावला की तो रेषेच्या हातभर बाहेरून गेला आणि धान्याच्या कोठारांकडे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी ट्रकची काच खळ्ळकन फुटली. लोकांनी श्वास रोखला. 'जरा आत पडला असता तर आटोपलं असतं,' असं ऑगीच्या मनात येऊन गेलं, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

दुसरा चेंडू बकला उशिरा दिसला. बॅट फिरली तेव्हा तो बकच्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातात होता.

तिसरा चेंडू क्लीटने हळू टाकला. तो आळसावल्यासारखा आला, बकच्या अगदी पुढ्यात आल्यावर एकदम खाली बसला. बकने हवा कापली. त्याच्या तिन्ही संधी संपल्या, गडी बाद. सामना संपला. बाकावरची पोरं मैदानात धावली, क्लीटच्या अंगावर कोसळली. डगआऊटमध्ये ऑगी एकटाच उरला.

गर्दी पांगल्यावर तो खेळाडूंच्या खोलीत गेला. क्लीट खांद्याला बर्फ बांधून बसला होता, चेहरा लहान पोरासारखा फुललेला.

"क्लीट, मी आज नीचपणा केला," ऑगी एका दमात बोलत सुटला. "प्रुइटला तुला काढायचंय. तुला सांगायची माझी छाती झाली नाही. तू मार खावास म्हणून मी तुला बकच्या पुढ्यात ढकललं. पण आता बस्स. मेबरी गेला तर मीही जाईन, असं तोंडावर सांगतो त्याला. तुझी जागा पक्की. पुढच्या वर्षीही. माझा शब्द!"

क्लीटचं हसू मावळलं.

"मला कळलं होतं रे," तो म्हणाला. "माझ्याकडे न बघता बोललास, तेव्हाच कळलं. म्हणून तर जीव ओतून टाकला. शेवटचा म्हणून."

"शेवटचा कशाला? सांगतोय ना मी..."

"ऑगी, ऐक. एडनाला मूठमाती देऊन आलास, तेव्हा तू कुणाशी चकार शब्द बोलत नव्हतास. मी एक कोडं घातलं, तर तू चक्क भांडलास माझ्याशी. म्हटलं, चला, तोंड तरी उघडलं याने." त्याने बर्फाची पिशवी काढून बाजूला ठेवली. "माझी बायको लोरीन तिकडे एकटीच माशांची तळी सांभाळतेय. हा खांदा कधीच गेलाय. दर हिवाळ्यात मी तिला शब्द देतो, यंदा नाही जाणार. मग तुझा फोन येतो. रिकाम्या घरातून बोलतोयस हे आवाजावरून कळतं, आणि मला नाही म्हणवत नाही."

ऑगीने ती पिशवी उचलून पुन्हा त्याच्या खांद्यावर ठेवली.

"आज तरी तू मला काढशील," क्लीट हळूच म्हणाला, "असं वाटलं होतं रे."